दार राहिलं, भोक झालं

"बाबा, मला एक सांगा. मी राहते ती खोली आहे की रस्ता?"

हा प्रश्न मी रविवारी सकाळी बाबांच्या अर्ध्या दाढीला विचारला. अर्ध्या दाढीला अशासाठी, की अर्धी दाढी झालेला माणूस कुठे पळून जाऊ शकत नाही. ही युक्ती तोफेची. तोफ आणि चष्मा या माझ्या वर्गातल्या दोन मैत्रिणी. "सोमवारपर्यंत तू हे घरी विचारलं नाहीस ना, तर वर्षभर तुला पडदा म्हणणार," असं दोघींनी डबा खाताना जाहीर केलं होतं. आणि त्या दोघी जाहीर केलेलं करतात. मागच्या वर्षी एका मुलीला त्यांनी 'उद्या' असं नाव ठेवलं, ती आजही उद्याच आहे.

पडदा का, ते सांगते. माझी खोली स्वयंपाकघराला लागून आहे. मधल्या भिंतीत दाराएवढी मोकळी जागा आहे, पण दार नाही. पडदा आहे. त्यावर बदकं आहेत. मी नववीत आहे आणि माझ्या अब्रूचं रक्षण सात बदकं करतात. खोलीच्या पलीकडे घरातली एकुलती एक गॅलरी. त्यामुळे आईला ओले कपडे वाळत घालायचे असोत, आजोबांना कुंड्यांना पाणी घालायचं असो, की बाबांना फोनवर बोलायचं असो (रेंज फक्त गॅलरीत येते, तीही डाव्या कोपऱ्यात), सगळी वाहतूक माझ्या पलंगाला वळसा घालून जाते. मी एकदा मोजलं होतं. शाळेतून आल्यापासून जेवणापर्यंत एकतीस फेऱ्या. त्यातल्या नऊ आजोबांच्या, कारण ते पाणी पेल्याने घालतात.

एरवी मी हे चालवून घेतलंही असतं. पाच वर्षं घेतलंच. पण पाच वर्षं शाळेच्या नाटकात मी झाड होते. एकदा खांब. झाडाला तालमीला खोली लागत नाही. या वर्षी मात्र नाटकाच्या सरांनी वर्गात एक उतारा वाचायला दिला आणि माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला की मागच्या बाकावरची उद्या झोपेतून उठली. सर म्हणाले, "हा आवाज इतके दिवस कुठे होता?" मी म्हटलं, "झाडात, सर." मग ठरलं: गावच्या पंचांसमोर उभी राहून सगळ्यांना जाब विचारणारी जी बाई आहे, तिचं काम एक तर मला, नाही तर पाचवीपासून सदोदित राणीच होत आलेल्या त्या दुसऱ्या मुलीला. तीन पानांचं भाषण, मध्ये खरं रडणं, शेवटी आरोळी. सर तीन आठवड्यांनी दोघींचं ऐकणार होते.

आता तुम्हीच सांगा, एकतीस फेऱ्यांमध्ये माणसाने खरं रडायचं कसं? पहिल्याच दिवशी मी "माझी झोपडी पेटली तेव्हा तुम्ही कुठे होतात?" असं पडद्यातल्या बदकांना विचारलं, तर आई बादली घेऊन आत. "काय पेटलं?"

तर बाबा. त्यांनी वस्तरा खाली ठेवला, आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "प्रश्न रास्त आहे."

मी इतकी चकित झाले की पुढचं वाक्य, जे मी तोफेकडून पाठ करून घेतलं होतं, ते विसरलेच.

"दार हवं तुला," बाबा म्हणाले. "विचार करू."

बाबा ऑफिसात फायली पाहतात. त्यांचं 'विचार करू' म्हणजे खरोखरच विचार असतो, ही त्यातली वाईट बातमी. त्यांनी दाढी पुरी करून एक कोरी फाइल काढली, वर 'दार' असं लिहिलं, आणि पहिल्या पानावर अडचण मांडली. साधं दार आत उघडलं तर पलंगावर आदळतं. बाहेर उघडलं तर फ्रिजवर. पलंग हलत नाही कारण पलीकडे कपाट, फ्रिज हलत नाही कारण आई. घडीचं प्लास्टिकचं दार आत्याकडे आहे. ते उघडताना अशी किंकाळी फोडतं की आत्याचं मांजर घर सोडून गेलं.

"भिंतीत जाणारं दार," आजोबा पेपरामागून म्हणाले.

"म्हणजे?"

"सरकवलं की भिंतीच्या पोटात गडप. ना आत, ना बाहेर. मी एका दवाखान्यात पाहिलं होतं. फार सुंदर. डॉक्टर बरा नव्हता."

मी आजोबांना मिठी मारली. भिंतीच्या पोटात गडप! किती सभ्य दार! चष्म्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं की त्याला पॉकेट डोअर म्हणतात आणि श्रीमंतांकडे असतं. तोफेने मला पडदा न म्हणण्याचं लेखी दिलं. त्या दिवशी मी वर्गात जरा जास्तच ताठ बसले होते, हे कबूल करते.

मग सुतारकाका आले. सुतारकाकांचं एकच वाक्य आहे, "होऊन जाईल." त्यांना तुम्ही आगबोट करायला सांगा, कानावरची पेन्सिल काढून म्हणतील, होऊन जाईल. त्यांनी उघड्या जागेचं माप घेतलं, भिंतीचं माप घेतलं, उगाच माझंही माप घेतलं, आणि म्हणाले, "होऊन जाईल. फक्त भिंतीचं पोट बघावं लागेल. पोकळ आहे का भरीव."

इथे खालच्या मजल्यावरचे ओळंबेकाका प्रकट झाले. हे त्यांचं खरं नाव नाही. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत आणि खिशात दोरीला बांधलेला ओळंबा घेऊन फिरतात. कुणाच्याही घरी गेले की आधी तो सोडून भिंत सरळ आहे का पाहतात, मग चहा. बारशाला गेले होते तिथेही पाळण्याच्या दोरीपाशी तो धरला होता म्हणे. त्यांनी आमच्या भिंतीवर डॉक्टरांसारखी बोटं वाजवली, कान लावला, डोळे मिटले.

"पोकळ," ते म्हणाले.

"भरीव," सुतारकाका म्हणाले.

"तुम्ही लाकडातले. विटेचं आम्हाला सांगू नका."

"एक बारीक भोक पाडून बघू की. होऊन जाईल."

बारीक भोक पाडलं. ड्रिल आत गेलं, लाल भुकटी आली. सुतारकाका हसले. ओळंबेकाका म्हणाले, "एका भोकाने काय कळतं? शेजारी आणखी एक पाडा." पाडलं. मग त्याच्या शेजारी. चार भोकं झाल्यावर मधला गिलावा आपणहून सुटला. आता वीट दिसायला लागली आहे तर ती नीटच बघावी, असं दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं, आणि ओळंबेकाकांनी छिन्नीचा एकच ठोका, अगदी हलका, मायेने मारावा तसा मारला.

वीट गेली. आमच्या बाजूला नाही, पलीकडे. स्वयंपाकघरात दुधाचं पातेलं होतं, त्यात.

मग त्या भोकातून आईचा चेहरा दिसला, त्यावर दूध होतं.

"पोकळ नाही," आई म्हणाली. "आता कळलं ना? की अजून एक टाकताय?"

तर भिंत निघाली भरीव, आणि एका विटेच्या जाडीची. तिच्या पोटात दार काय, पोस्टकार्ड जाणार नाही. पण सुतारकाका डगमगले नाहीत. त्यांनी सांगितलं की भिंतीला समांतर अशी एक पातळ पडदी, म्हणजे दुसरी भिंतच, उभी करायची, दोन्हींच्या मधल्या फटीत दार सरकेल. एवढंच, की ती पडदी आणि फट मिळून एक वीत जागा खाणार. कुणाची खायची, ते घरच्यांनी ठरवावं.

त्या संध्याकाळी आम्ही चौघं कागद घेऊन बसलो. तो कागद अजून फाइलीत आहे, पान सातवं. पडदी माझ्या बाजूला घातली तर पलंग मावत नाही. स्वयंपाकघराच्या बाजूला घातली तर फ्रिज मावत नाही, म्हणून फ्रिज बाहेरच्या खोलीत. फ्रिज आला की तिथलं पुस्तकांचं कपाट जातं आजोबांच्या कॉटच्या जागी. आजोबांची कॉट मग कुठे? बाबांनी पेन्सिल बराच वेळ हवेत धरली आणि हळूच माझ्या खोलीवर टेकवली.

"तिथे एक कॉट मावते," ते म्हणाले.

"तिथे माझा पलंग आहे."

"तू सोफ्यावर. तू लहान आहेस, मावशील."

मी कागद आपल्याकडे वळवला. पुन्हा पाहिला. "म्हणजे दार माझ्यासाठी, दाराच्या आत आजोबा, आणि मी बाहेर सोफ्यावर?"

"मला दार नको रे बाबा," आजोबा घाबरून म्हणाले. "मला बंद खोलीत घुसमटतं."

"मग उघडं ठेवा," बाबा म्हणाले. "भिंतीत जाणारं आहे, दिसणारसुद्धा नाही."

मी उठून उभी राहिले. पंचांसमोर राहते तशी. म्हटलं, "बाबा, न दिसणारं, न लागणारं आणि माझ्या उपयोगाचं नसलेलं दार आपल्याकडे आत्ताच आहे. त्यासाठी भिंत कशाला बांधायची?" आई फसकन हसली आणि मग बाबांकडे बघून गंभीर झाली. बाबांनी फाइलीत लिहिलं, 'अर्जदाराचा आक्षेप.'

इथवरही ठीक होतं. भोक बुजवायचं, झालं गेलं विसरायचं, आत्याकडून मांजर पळवणारं दार आणायचं. पण बाबांनी एक गोष्ट केली. आमच्या इमारतीत लोकांनी अख्ख्या भिंती पाडल्या आहेत. तिसऱ्या मजल्यावर एकाने न्हाणीघराची खिडकी अशी फिरवली आहे की ती जिन्यात उघडते. कुणीही कुणाला कधी विचारलं नाही. बाबांनी विचारलं. त्यांनी सोसायटीला रीतसर अर्ज लिहिला, तीन प्रतींत, आणि त्यात स्वतःहून नमूद केलं की 'प्राथमिक पाहणीदरम्यान सदर भिंतीस एक छिद्र पडलेले आहे.'

"अहो, कशाला सांगायचं?" आई म्हणाली.

"नियमात बसवून केलेलं काम टिकतं," बाबा म्हणाले.

टिकलं. भोक.

सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी अर्ज हातात धरून आले. मला वाटलं रागावले असतील, पण ते रडवेले होते. "तुम्ही का विचारलंत?" ते बाबांना म्हणाले. "विचारलं नसतं तर मला दिसलं नसतं. आता विचारलंत म्हणजे प्रकरण झालं. मला आता नकाशा काढावा लागला."

नकाशा त्यांनी आमच्या टेबलावर पसरला. मी वाकून माझी खोली शोधली. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं: भोजनाची जागा.

"ही खोली नाहीच," सेक्रेटरी म्हणाले. "ही जागा आहे. खोलीला दार असतं, जागेला नसतं. जागेला दार बसवायचं तर आधी ती खोली व्हायला हवी, आणि खोली व्हायला तिला दार हवं."

"मी इथे पाच वर्षं राहते, काका," मी म्हटलं.

"राहा ना, बेटा. राहायला कोण नको म्हणतंय? समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तोवर सगळं जैसे थे."

"आणि भोक?" आईने विचारलं.

"तेही जैसे थे. बुजवणं हेसुद्धा कामच झालं ना? अर्जात उल्लेख आहे, समिती पाहायला येईल. तिला भोक दिसलं पाहिजे."

तर अशा रीतीने मला दार मिळायचं होतं तिथे सरकारी संरक्षण असलेलं भोक मिळालं. बरोबर माझ्या अभ्यासाच्या टेबलासमोर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर. आधी घरच्यांना निदान पडदा सरकवायचे कष्ट पडत. आता तेही गेले. आईला ते भोक आवडायला लागलं, ही तर कमाल. त्यातून ती मला चहा देई. चिरायला काकडी देई. मी छातीवर हात ठेवून "पंचहो, आज मला उत्तर हवं!" अशी गरजले की पलीकडून उत्तर यायचं, "चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर."

आणि लोक यायला लागले. भोक पाहायला. अर्जाच्या एका प्रतीने इमारतभर प्रवास केला होता. दुसऱ्या मजल्यावरचे दोघं आले, त्यांनी आमच्या भोकावरून आपल्या भिंतीच्या जाडीचा अंदाज घेतला. ओळंबेकाका रोज येत आणि नवीन माणसाला माहिती देत, जणू उत्खननाच्या जागी नेमलेत. वरच्या काकू तर स्टूल घेऊनच बसल्या.

"आम्ही दोन खोल्यांत अकरा माणसं होतो," त्या आईला म्हणाल्या. "एकालाही दार नव्हतं. तरी सगळे शिकले, मोठे झाले."

शिकले, मोठे झाले आणि अकराच्या अकरा वेगवेगळ्या गावी राहायला गेले, हे काकू सांगत नाहीत. मी सांगितलं. काकू म्हणाल्या, "हल्ली फार बोलायला लागली हो ही." मी म्हटलं, "हो, आधी मी झाड होते." त्या आईकडे बघायला लागल्या. आई काकडीकडे.

फेऱ्या एकतीसवरून चव्वेचाळीस झाल्या. सर ऐकणार त्याला पाच दिवस राहिले आणि मला अजून एकदाही रडू आलं नव्हतं. राणी म्हणे घरी गच्चीवर एकटी तालीम करते आणि दोन्ही डोळ्यांतून सारखं पाणी काढते. ही बातमी चष्म्याची. थट्टा बाजूला ठेवून सांगते, पाच वर्षं कागदाची पानं अंगाला चिकटवून उभं राहिल्यावर मला ते काम फार हवं होतं. दारापेक्षा जास्त. दार त्यासाठीच तर हवं होतं.

गुरुवारी दुपारी मी शाळेतून आले तर घरात शांतता. आजोबा झोपलेले, बाबा ऑफिसात, आई खाली गेलेली. मी बदकं ओढली. टेबलाशी उभी राहिले. पहिल्या पानापासून सुरू केलं आणि दुसऱ्या पानावर, ती बाई म्हणते ना, "मी इतकी वर्षं इथेच उभी होते, तुमच्यातल्या एकाने तरी पाहिलं का?" तिथे माझा आवाज फुटला. आपोआप. डोळ्यांतून पाणी! मी तशीच पुढे गेले, हुंदका, पुढचं वाक्य, पुन्हा हुंदका. सगळं जमत होतं. अंगावर काटा आला.

"अगंबाई!"

भोकात वरच्या काकूंचा चेहरा होता. वाटी परत करायला आल्या होत्या. दार उघडं दिसलं म्हणून आत आल्या, आवाज आला म्हणून डोकावल्या. "रडतेय का पोरगी! इतकं काय जिवाला लावून घ्यायचं एका दारापायी?"

"काकू, मी तालीम करतेय!"

"हो हो, पूस डोळे."

संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला कळलं की दारासाठी मुलगी धाय मोकलून रडते. तीन बायका आईची समजूत घालायला आल्या. ओळंबेकाकांनी सांगितलं की माझ्या वयात असं होतं. सेक्रेटरींनी निरोप धाडला की बैठक चार दिवस अलीकडे घेता येते का पाहतो. सुतारकाका रस्त्यात भेटले, तेही म्हणाले, "रडू नको, होऊन जाईल."

मी! मी, जी पंचांना जाब विचारते! मला अख्खी इमारत 'बिचारी' म्हणत होती. झाड परवडलं. झाडाला निदान कुणी बिचारं म्हणत नाही.

शुक्रवारी शाळेतून येताना मी काही बोलले नाही. तोफेने विचारलं, "आता काय करणार?" मी म्हटलं, "भिंत सोडून देणार." घरी आले, दप्तर ठेवलं आणि पहिल्यांदा नीट घरभर फिरले, सेक्रेटरींच्या नकाशाकडे पाहिलं होतं तसं. आणि मला आईबाबांची खोली दिसली. तिला दार आहे. चांगलं सागवानी, आतून कडी. दिवसभर त्या खोलीत चिटपाखरू नसतं. तिच्यातून कुठेही जाता येत नाही. फक्त ते दार कित्येक वर्षांत कुणी लावलं नव्हतं, कारण त्याच्या मागच्या खुंट्यांवर कपड्यांचा डोंगर होता. मी तो उतरवला. सोळा कपडे, दोन छत्र्या, एक रेनकोट जो कुणाचाच नाही. बिजागरीला तेल घातलं. मग माझं टेबल ओढत नेलं. आजोबांना जाग आली, त्यांनी काही न विचारता एक बाजू धरली.

"दार लावून घेशील ना?" ते म्हणाले.

"हो."

"मग मी बाहेर बरा," म्हणाले आणि पेपर घेऊन बसले.

दोन तास. मी कधी दोन तास सलग एकटी नव्हते. तीन वेळा रडले, एकदा तर इतकं छान की मलाच माझी दया आली.

बाबा आले तेव्हा आई त्यांच्याआधी येऊन बंद दाराकडे बघत उभी होती म्हणे. मला दोघांची कुजबूज ऐकू आली. मग टकटक झालं. आमच्या घरात, आतल्या दारावर, पहिल्यांदा.

मी दार उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहिले.

"हे काय?" बाबा म्हणाले. त्यांच्या हातात रुमाल, डबा, छत्री. सवयीने खुंटीकडे निघाले होते.

"आजपासून शाळेतून आल्यावर जेवणाची वेळ होईपर्यंत ही खोली माझी," मी म्हटलं. "सरांनी ऐकेपर्यंतच नाही. नंतरही. काम मिळालं तरी, नाही मिळालं तरी. झोपायला मी माझ्या जागेत जाईन. तिला समिती खोली म्हणो की खड्डा म्हणो. आत यायचं तर टकटक करायची, मी 'या' म्हटलं तर यायचं. कपडे मी बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवलेत. भिंतीत जाणारं दार मला नको. भोक आईला ठेवा, तिला आवडतं."

आईने तोंडाला पदर लावला. हसत होती की काय, मला दिसलं नाही.

"बरं," बाबा सावकाश म्हणाले. "रास्त आहे. तू एक अर्ज लिही, आपण विचार करू."

"विचार मी केला," मी म्हटलं. "हा अर्ज नाही, बाबा. ही सूचना आहे. तुमच्या ऑफिसात लावतात तशीच दारावर लावली आहे, सही करून. दार आहे, म्हणून लावता आली."